हातभर अंतरावरचा चेंडू

सोयाबीनची पानं गळाली की रानाचा आवाज बदलतो. श्रावणभर गपगार उभं असलेलं पीक वाऱ्याबरोबर खुळखुळायला लागतं. शेंगा वाळलेल्या, आतले दाणे सुटे झालेले, बांधावरून नुसतं चालत गेलं तरी पायाशी खुळखुळ ऐकू येते. येडशीच्या अलीकडं आमचं गाव. रामलिंगच्या डोंगराकडून वारा सुटला की सगळं शिवार एकदम वाजतं. पीक हाताशी आल्याचा आवाज आहे तो, ऐकून माणसानं खूश व्हावं. पण मला तो ऐकला की आधी मी आभाळाकडं बघते आणि मग माझं मलाच हसू येतं. परवा येडशीला रेल्वेतून उतरलो, घरी पिशव्या टाकल्या, रानात पाऊल ठेवलं आणि तो आवाज कानावर आला. म्हटलं, आला बाई हंगाम.

यंदा हे इथंच आहेत. हे म्हणजे माझे मालक, नितीन. गोल्फ खेळतात. पोटापाण्याचा धंदाच तो त्यांचा. काल दिवसभर विळा चालवला आणि आज बाभळीखाली आडवे झालेत. "जगभरची मैदानं तुडवली, पण कंबर मोडली ती बापाच्या रानात," म्हणून कण्हतायत. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या उशाशी मुद्दाम घागर आदळून जातात. "लई मोठं मैदान हाय बाबा आमचं, झेपायचं न्हाय तुला," असंही वर म्हणतात. हे डोळे मिटूनच हसतात. त्यांना असं दुपारचं निवांत पडलेलं बघितलं की मला बरं वाटतं, आणि सोयाबीन काढायला एक माणूस कमी झालं म्हणून रागही येतो.

आज सकाळी यांच्या मोबाइलवर बातमी आली. ती स्पर्धा पुन्हा सुरू होतेय. एका बाजूला आशियाचे बारा खेळाडू, दुसऱ्या बाजूला युरोपचे बारा. दोन वर्षांतून एकदा होते, एकदा आपल्याकडच्या देशात, एकदा तिकडं. एरवी गोल्फ हा एकट्याचा खेळ. ज्याचा त्याचा चेंडू, ज्याचं त्याचं नशीब. पण या स्पर्धेत संघ असतो, कप्तान असतो, सगळ्यांचे सारखे सदरे असतात, आणि एकानं चूक केली की बाराजणांच्या पदरात पडते. यंदा यांचं नाव नाही त्यात. मागच्या खेपेला होतं. त्या खेपेला संघ हरला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं त्या आशेवर राहू नये. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

माझं माहेर नळदुर्गचं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर माझ्या वडिलांचा ढाबा. ट्रक थांबतात, माणसं जेवतात, जातात. कोण काय करतं हे वडिलांना चालण्यावरून कळायचं. यांचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मध्यस्थाला विचारलं, "मुलगा काय करतो?"

"चेंडू मारतो."

"क्रिकेट व्हय?"

"न्हाय, गोलप."

वडिलांनी भट्टीतले निखारे सारखे केले. मग म्हणाले, "जोडीला एखादी टपरी टाक म्हणावं." टपरी काही टाकली नाही. यांचे मामा पुण्याला गोल्फच्या मैदानावर माळी होते, त्यांच्यापाठी हे गेले, मोठ्या लोकांच्या पिशव्या उचलता उचलता स्वतः खेळायला शिकले, आणि मग त्याच लोकांना हरवायला लागले. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा मैदान बघितलं तेव्हा मला वाटलं, एवढं रान पडीक ठेवलंय आणि माणसं वर त्याला रोज पाणी पाजतायत.

आत्या तिथं एकदाच आल्या. "मी खेळून येतो, तोवर झाडाखाली बस," असं सांगून हे गेले. परत येऊन बघतात तर आत्या उकिडव्या बसलेल्या, हातात घराची किल्ली, आणि समोर चांगला ताटाएवढा भाग मोकळा केलेला. बाजूला मुळासकट उपटलेल्या हराळीचा ढीग. पहारेकरी डोक्याला हात लावून उभा. आत्या त्यालाच समजावत होत्या, "हिच्या मुळ्या लई खोल जातात बाबा. आत्ताच काढा, न्हायतर सगळं रान खाऊन टाकंल." साहजिकच आहे. जन्मभर ज्या गवताशी भांडण, तेच गवत कुणी हौसेनं लावतं हे त्यांच्या डोक्यात यायचं कसं? मामा, म्हणजे माझे सासरे, ही गोष्ट ऐकून पोट धरून हसले होते. "आमी जलम घातला हराळी काढन्यात, अन् ल्योक तिच्यावर जेवतो," म्हणाले. तेव्हापासून गावात यांची ओळख 'हराळीवाला' अशीच आहे.

तर हसण्यासारखं पुष्कळ होतं. मग ते सुरू झालं.

पुण्यात एका सकाळी मी डबा भरत होते आणि हे ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "स्वाती, माझा हात कापतो."

मी बघितलं. हातात चहाचा कप होता आणि तो काही हलत नव्हता. म्हटलं, "कुठं कापतोय? चांगला तर आहे."

"इथं नाही कापत. तिथं कापतो."

लांबचा टोला यांचा असा की चेंडू बघता बघता नजरेआड होतो आणि नेमका पाहिजे तिथं जाऊन पडतो. तिथं हात एकदम घट्ट. पण चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला, आता नुसतं ढकलायचं राहिलं, रांगतं पोरही ढकलेल, की यांचा उजवा हात थरथरायला लागायचा. चेंडू खड्ड्याच्या कडेनं निघून जायचा. हातभर अंतरावरून! डॉक्टर झाले, दुसरे डॉक्टर झाले. हातात काही नाही म्हणाले. मी भडकले. हातात नाही तर काय माझ्या पोळपाटात आहे का? गोल्फवाल्यांमध्ये हा आजार जुनाच आहे म्हणे, त्याला नावही आहे, पण ते नाव कुणी तोंडातून काढत नाही. काढलं की चिकटतो अशी त्यांची समजूत. त्यामुळं आमच्या घरातही त्याला नाव नव्हतं. संध्याकाळी दार उघडताना मी नुसतं विचारायची, "आज?" हे मान हलवायचे, आणि कशी हलवली यावरून मला कळायचं.

हे फक्त मला माहीत होतं. गावाकडं सांगायचं नाही असं ठरलेलं. आत्यांना वाटायचं, पोराचं नशीब सध्या बरोबर नाही. त्या दर मंगळवारी तुळजापूरच्या दिशेला हात जोडायच्या आणि देवीला नशिबाबद्दल सांगायच्या. मला वाटायचं, देवीला निदान खरी अडचण तरी कळू दे. दुसऱ्याचं गुपित सांभाळणं लई वाईट. आपलं असलं तर कधीतरी बोलून मोकळं होता येतं. हे माझं नव्हतंच.

अशात संघात निवड झाली. कप्तानाचा फोन आला तेव्हा हे जिन्यात उभे होते आणि फोन ठेवल्यावर तिथंच पायरीवर बसले. मला वाटलं, आनंदानं बसले. पण चेहरा पांढराफटक.

"माझं मी हरलो तर घरी येऊन तोंडावर पांघरूण घेता येतं," म्हणाले. "अकराजणांचं हरवलं तर काय करू?"

"तुम्ही कशाला हरवताय?"

"या वेळी हात कापला ना, तर मी काठ्या ठेवून देणार. मग नाही खेळायचो." हे रागानं म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण अगदी शांतपणे म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

या स्पर्धेला खेळाडूंच्या बायकांनाही नेतात. त्यांनाही सगळ्यांना सारखे कोट शिवतात. माझाही आला, निळा, सोनेरी गुंड्यांचा, बरोबर मापाचा. मी तो घालून आरशापुढं उभी होते आणि हे मागून म्हणाले, "तू येऊ नकोस."

माझा संताप झाला. "का? मी काय नजर लावणार आहे?"

"तसं नाही गं. तिथं कुणालाच माहीत नाही. तू समोर दिसलीस की मला आठवणार, कुणाला तरी माहीत आहे म्हणून."

त्यांचं खरंच होतं. तरी मी बोलले, भरपूर बोलले. आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून, कोटासकट, गावाकडं निघून आले. सोयाबीन काढायला माणसं मिळत नव्हतीच. म्हटलं, नसू दे आपल्याला युरोप, आपण आपलं विळा हाणावा. आत्यांना तो कोट इतका आवडला की पहाटे म्हशीची धार काढायला त्या तोच घालून बसायला लागल्या. "उबदार हाय गं," म्हणायच्या. म्हैस पहिल्या दिवशी बुजली, नंतर तिलाही सवय झाली.

सोयाबीन काढणं म्हणजे हाताची परीक्षा. वाळलेल्या शेंगांची टोकं काट्यासारखी टोचतात. बायका बोटांना चिंध्या गुंडाळून बसतात. वर पाठीवर ऊन, अंगाला खाज, आणि सगळ्यांची नजर सारखी आभाळाकडं. कारण काढून पसरलेल्या पिकावर परतीचा पाऊस आला तर शेंगेतच मोड येतात, सगळं वर्ष मातीत जातं. त्या साली दुपार झाली की बालाघाटाच्या डोंगरावर काळं भरून यायचं आणि संध्याकाळी नुसतं गुरगुरून निघून जायचं. मला एकाच वेळी दोन्ही काळज्या. वर आभाळ, आणि तिकडं समुद्रापार एक हात. आभाळाबद्दल निदान चारचौघांत बोलता यायचं.

शुक्रवारी खेळ सुरू झाला. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. रानात फोन कुठंही लागायचा, पण खेळ दिसण्याइतकी रेंज फक्त विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी. सुधाकरभावजी, यांचे चुलतभाऊ, त्यांनी खोलीच्या खिडकीच्या गजाला माझा मोबाइल बांधून दिला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका, मामा, शेजारचे दोघंतिघं, असे आम्ही भाकरी हातात घेऊन त्याच्यापुढं बसलो. हे कुठं दिसेनात. मग एकदा दिसले, कडेला उभे, हातात पाण्याची बाटली. कप्तानानं पहिल्या दिवशी यांना खेळवलंच नव्हतं.

आत्यांची भाकरी तशीच राहिली. "एवढं इमानात घालून न्येलं, अन् बसवून ठिवलं व्हय?"

"कप्तान ठरवतो आत्या, रोज सगळे खेळत नाहीत."

"मग मला तरी न्यायचं व्हतं, मीबी बसले असते."

सगळे हसले, मीही हसले. मला बरंच वाटलं होतं. आजचा दिवस गेला.

शनिवारी यांना जोडीत खेळवलं. बरोबर एक कोरियन गडी होता, उंच, हसरा. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. असला खेळ मी आधी बघितला नव्हता. हे एरवी खेळतात ते अठरा खड्डे मोजून, सगळ्यात कमी टोल्यांत पुरे करायचे, एवढंच मला माहीत. इथं समोरासमोर लढत, एकेक खड्डा जिंकायचा. आणि त्यात एक रीत मला दिसली, जिच्यामुळं माझा जीव थोडा भांड्यात पडला. चेंडू खड्ड्याच्या अगदी जवळ जाऊन थांबला की समोरचा म्हणू शकतो, दिला. म्हणजे आता मारायची गरज नाही, पडला असंच धरलं. म्हणायचं की नाही ही त्याची मर्जी. सहाव्या खड्ड्यापाशी चेंडू हातभर अंतरावर राहिला आणि पाळी यांची आली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोरच्या माणसानं हात हलवला होता आणि हे चेंडू उचलत होते.

"आरं, आत कुटं पडलाय अजून?" आत्या ओरडल्या. "अन् उचलला कसा?"

सुधाकरभावजींनी समजावून सांगितलं. आत्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी पडलाच असता म्हनून सोडून दिलं व्हय? बरी हायत की मानसं. आपल्या बांधाला असली मानसं पायजे व्हती." आणि शेजारच्या बांधाकडं बघून त्यांनी जोरात भाकरी मोडली. शेजारचे दोघंतिघंही तिथंच बसलेले होते. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

ती जोडी शेवटच्या खड्ड्यापर्यंत खेळली आणि बरोबरीत सुटली. बाकीचे छोटे टोले सगळे त्या कोरियन गड्याच्या वाट्याला आले. संध्याकाळी मी रामलिंगच्या दिशेला हात जोडले आणि त्या गड्याचं नाव मला नीट येत नव्हतं म्हणून नुसतं म्हटलं, त्या उंच पोराचं भलं कर.

रविवार मात्र एकट्याचा. शेवटच्या दिवशी बाराच्या बारा उतरतात, एकास एक. कप्तानाला कुणाला लपवता येत नाही. आणि समोरच्यांच्या लक्षात आलं असेल तर? मग ते हातभर अंतरावरचा एकही चेंडू सोडणार नाहीत. प्रत्येक वेळी हात बांधून उभे राहतील आणि म्हणतील, मार. सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर तेच.

आणि त्याच दिवशी आमच्याकडं हडंब्याची पाळी आली. हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र, ट्रॅक्टरला जोडून आणतात. गावात एकच, हंगामात त्याची पाळी चुकली की पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. दुपारी तो विहिरीजवळ येऊन उभा राहिला, तोवर डोंगराकडून काळं भरून आलेलं. पिकाचा ढीग ताडपत्रीतून उघडा केला आणि कामाला हात लागले. मी ढिगावर, मामा यंत्राच्या तोंडाशी, आत्या पोती धरायला. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, भुसकट असं उडतंय की डोळे उघडवेनात. सुधाकरभावजी मोटारीच्या खोलीपाशी उभे राहून मधूनमधून ओरडून सांगायचे. "एकनं पुढं!" "बरोबरी!" "पुन्हा एकनं पुढं, बारावा चालू!"

मग वारा सुटला. ताडपत्री फडफडायला लागली, भावजी ती धरायला पळाले आणि जाताना मोबाइल आत्यांच्या हातात देऊन गेले. आत्यांना आकडे वाचता येत नाहीत. त्या एका हातानं पोतं धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलमध्ये पोराला बघत उभ्या. मी वरून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या तोंडावरून मला काही कळेना.

एकाएकी त्यांनी पोतं सोडलं. दाणे भळाभळा खाली सांडले. मोबाइल वर धरून त्या माझ्याकडं धावत आल्या. "आगं स्वाते, नित्यानं टोपी काढली! त्या मानसाचा हात धरला अन् निघाला की गं!"

मी ढिगावरून उडी मारली आणि मोबाइल हातात घेतला. चित्र थांबलेलं. रेंज गेलेली. त्या थांबलेल्या चित्रात यांची टोपी हातात, मान खाली, आणि कोपऱ्यात आकडा सोळा. सोळावा खड्डा. आमच्या घरात वर्षानुवर्षं अठराचा खेळ. अठरा पुरे केल्याशिवाय कुणी मैदान सोडत नाही. मधेच सोडतो तो एक तर आजारी पडलेला, नाहीतर हात टेकलेला. कालही शेवटपर्यंतच खेळले होते.

म्हणजे कापला. त्या लोकांनी दिला नाही, हात कापला, आणि हे सोडून निघाले. काठ्या ठेवून देणार म्हणाले होते.

"काय झालं गं?" आत्या माझा दंड धरून हलवत होत्या. "का सोडून चाललाय? बोल की!"

आणि मी बोलले. यंत्राच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं. "त्यांचा हात कापतो आत्या! तीन वर्षं झाली, हात कापतो त्यांचा! चेंडू आतच जात नाही! आता नाही खेळायचे ते!"

मामांनी हात वर केला. हडंबा बंद झाला. वर काळं आभाळ, ढीग अजून अर्धा राहिलेला, आणि मामांनी यंत्र थांबवलं. रानात एकदम शांतता झाली. सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

मला वाटलं, आता आत्या देवाला बोल लावतील, नाहीतर मला. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, भुसकटानं माखलेलं. "तीन वरसं?" म्हणाल्या. "एवढं सगळं पोटात ठिवून तू हितं भाकरी थापत व्हतीस व्हय गं? वेडे, सांगायचं न्हाय का?"

मामा अजून यंत्राच्या तोंडाशीच उभे होते. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "हात कापतोय न्हवं? मग यिऊ दे की घरला. हितं कुटं नेम धरायचाय त्येला." आणि हडंबावाल्याकडं वळून म्हणाले, "चालू कर रे बाबा, आभाळ थांबायचं न्हाय आपल्यासाठी."

यंत्र पुन्हा सुरू झालं. मी पुन्हा ढिगावर चढले. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगातून काहीतरी उतरून गेलं. हे हरले होते, खेळ संपला होता, पुढं काय खायचं ते ठाऊक नव्हतं, तरी मी पेंढ्या उचलत होते आणि मला त्या हलक्या लागत होत्या. यिऊ दे की घरला. एवढंच कुणीतरी म्हणायचं राहिलं होतं, आणि आम्ही दोघं पुण्यात बसून त्या वाक्याला इतके दिवस भीत होतो.

पावसाचे चार थेंब आले, टपोरे, भुसकटावर टपटप वाजले. आम्ही वेड्यासारखे हात चालवले. मग ढग परंड्याच्या बाजूला सरकला आणि तिकडं कुणाच्या तरी रानावर जाऊन पडला असणार. आमचं शेवटचं पोतं भरलं तेव्हा उजेड अजून होता. माणसं जिथल्या तिथं बसली. कुणीतरी पाण्याची घागर फिरवली. आणि माझ्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजला.

"जिंकलो," हे म्हणाले.

"खोटं कशाला बोलता? सोळाव्यालाच सोडून आलात. बघितलं आम्ही सगळ्यांनी."

तिकडून हसायचा आवाज आला. "अगं, तीन खड्ड्यांनी पुढं होतो आणि दोनच खेळायचे राहिले होते. पुढं खेळून काय करायचं? संपतो खेळ तिथंच."

मी सुधाकरभावजींकडं बघून ओरडले, "जिंकले!" आणि रानात एकच कालवा झाला. आत्यांनी कुणाला तरी मिठी मारली, बहुतेक हडंबावाल्याला. मी कानावर हात ठेवून लांब गेले, भुसकटाच्या ढिगामागं. आता विचारायलाच पाहिजे होतं.

"आणि हात?"

हे म्हणाले, "शेवटचा हातभरच होता. त्यानं दिला."

"सुटलात मग!"

"ऐक तर. त्यानं दिला, हात मिळवला, टोप्या काढल्या. कॅमेरेवाले दुसऱ्या लढतीकडं पळाले. मग मी तो चेंडू परत होता तिथं ठेवला."

"अहो, पण का?" मी किंचाळलेच. "मोजायचा नव्हता ना तो?"

"नव्हता. म्हणूनच. म्हटलं बघू या."

"मग?"

"कापला. आणि चुकला."

मी भुसकटात बसले.

"सगळ्यांनी बघितलं," हे म्हणाले. "तो समोरचा उभा होता, पंच होता, आमचा कप्तान होता, लोक होते. हातभर अंतरावरून चुकला. आणि स्वाती, कुणी काही बोललं नाही गं. त्या समोरच्यानंच वाकून चेंडू उचलला, माझ्या हातात दिला आणि आम्ही गप्पा मारत चालत आलो."

"आणि मग?"

"मग काय? मग भूक लागली. जेवतोय आता. भात बरा आहे इथला."

तीन वर्षं, खेळाच्या दिवशी यांनी स्वतः मागून घास खाल्ला नव्हता. मी ताट घेऊन मागं मागं फिरायची आणि ते तसंच परत आणायची. आत्या ढिगाला वळसा घालून आल्या आणि विचारायला लागल्या, "काय म्हनतोय? आगं, काय म्हनतोय?"

"जेवतायत," मी म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना.